पाण्यावर तरंगणारं पोलाद

पीएच.डी.चं काम चालू असताना मला एका शिक्षक-शिबिरात ‘विज्ञानकथेतलं विज्ञान’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. समोर साठ-सत्तर शिक्षक. मी उदाहरणादाखल ज्यूल व्हर्नची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी घेतली होती. तिच्यात कॅप्टन निमो आपल्या ‘नॉटिलस’ या पाणबुडीची माहिती प्राध्यापक आरोनाक्स यांना देतो. माझ्याजवळच्या इंग्रजी प्रतीत तो सांगत होता, की पाणबुडीचं कवच पोलादी पत्र्याचं आहे आणि त्या पोलादाची घनता पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट आहे. मी आकडा फळ्यावर लिहिला आणि विचारलं, “हे पोलाद पाण्यात टाकलं तर काय होईल?” शिक्षकांनी एका सुरात उत्तर दिलं, “तरंगेल!” भरपूर हशा झाला. मग मी आवाज जरा गंभीर करून म्हणालो, की लोकप्रिय लेखकाकडून करमणूक घ्यावी, विज्ञानाची अपेक्षा ठेवू नये. माझं ते भाषण त्या दिवशी सगळ्यांत जास्त गाजलं.

पुढे काही वर्षांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काम करताना हा किस्सा मी एका फ्रेंच सहकाऱ्याला सांगितला. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने घरून आपली शाळकरी वयातली प्रत आणली आणि ते पान उघडून समोर ठेवलं. मूळ फ्रेंच वाक्यात पोलादाची घनता ‘सात, आठ दशांश’ अशी अक्षरांत लिहिलेली आहे. म्हणजे ७.८. कोणत्याही भौतिकशास्त्राच्या तक्त्यात पोलादासमोर हाच आकडा सापडतो. इंग्रजी अनुवादकाने मधला स्वल्पविराम ‘सात ते आठ’ असा वाचला, ‘दशांश’ हा शब्द दोघांना लावला आणि पोलाद लाकडापेक्षा फारसं जड राहिलं नाही. व्हर्नने चूक केलीच नव्हती, आणि साठ-सत्तर शिक्षकांसमोर मी त्याच्यावर हसलो होतो.

हा अनुवादक म्हणजे इंग्लंडमधले एक धर्मोपदेशक, लुईस मर्सियर. त्यांचा अनुवाद १८७२ च्या सुमारास लंडनला निघाला आणि पुढची नव्वद-एक वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या जगासाठी तोच व्हर्न होता. त्यात मूळ मजकुराचा साधारण पाचवा हिस्सा सरळ गाळलेला आहे. कात्री चालली ती बहुतेक विज्ञानाच्या आणि राजकारणाच्या मजकुरावर. जे राहिलं त्यातही गमती आहेत. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या बाजूला उजाड, घळींनी चिरलेल्या जमिनीचा एक प्रसिद्ध प्रदेश आहे. त्याचं नावच ‘वाईट जमीन’ अशा अर्थाचं आहे. प्राध्यापक आरोनाक्स तिथूनच जीवाश्म गोळा करून आलेले असतात. अनुवादात मात्र ते ‘नेब्रास्काच्या अप्रिय प्रांतातून’ येतात, जणू तिथल्या खाणावळीत त्यांचे हाल झाले असावेत! दुसऱ्या एका अनुवादकाने पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाच्या कादंबरीत प्राध्यापक लिडेनब्रॉक यांचं नाव बदलून हार्डविग केलं, पुतण्या ॲक्सेलचा हॅरी केला आणि मुळात नसलेले प्रसंगही घुसडून दिले.

हे उघडकीला आणलं वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन प्राध्यापकाने, १९६० नंतरच्या दशकात. मर्सियरच्या अनुवादाची नवी आवृत्ती काढायचं काम त्याच्याकडे आलं होतं. मूळ फ्रेंच शेजारी ठेवून वाचताना त्याला एकेक भोक दिसत गेलं आणि शेवटी नवाच अनुवाद करावा लागला.

मला यात सगळ्यांत विचार करण्यासारखी वाटते ती मधली नव्वद वर्षं. लाखो लोकांनी ती कादंबरी वाचली. त्यांत अभियंते असतील, भौतिकीचे प्राध्यापक असतील. पोलाद पाण्यावर तरंगतं हे वाक्य त्यांच्या डोळ्यांखालून गेलं असणारच. मग मूळ पुस्तक उघडून पाहावं असं कोणाला का वाटलं नाही? मला का वाटलं नाही? याच आकड्याची चूक एखाद्या मान्यवर ग्रंथकाराच्या पुस्तकात दिसली असती, तर मी आधी छपाईवर संशय घेतला असता, मग अनुवादकावर, आणि अगदी शेवटी लेखकावर. व्हर्नच्या बाबतीत मी थेट लेखकापासून सुरुवात केली. मुलांसाठी लिहिणारा, खपाऊ लेखक. त्याच्याकडून चूक अपेक्षितच होती. तो हलका मानला गेला म्हणून अनुवाद निष्काळजीपणे झाला. अनुवाद निष्काळजी म्हणून पुस्तक हलकं दिसलं, आणि ते हलकं दिसलं म्हणून मत पक्कं झालं. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने अशी वर्तुळाकार सिद्धता आणली, तर मी त्याला वही परत देईन.

पण सगळा दोष अनुवादकांवर टाकता येत नाही. फ्रान्समध्ये तर मूळ मजकूरच उपलब्ध होता. तिथे काय झालं?

व्हर्नचा जन्म नॉन्त या बंदराच्या गावी १८२८ साली झाला. वडील वकील. मुलाने कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं, पण वकिली न करता नाटकं लिहिली, पोटासाठी शेअरबाजारात नोकरी केली. १८६३ साली त्याची बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याचं नशीब उघडलं. प्रकाशक हेत्झेल याने त्याच्याशी दीर्घ करार केला. याच हेत्झेलने १८६४ मध्ये झां मासे यांच्या जोडीने ‘शिक्षण आणि मनोरंजन’ अशा नावाचं नियतकालिक सुरू केलं. शिक्षकांनी मासे यांचं नाव लक्षात ठेवावं असं आहे. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी भाकरीचा एक घास तोंडात गेल्यापासून त्याचं पुढे काय होतं हे एका लहान मुलीला समजावून सांगणारं पुस्तक १८६१ साली लिहिलं, आणि १८६६ मध्ये सार्वत्रिक शिक्षणासाठी फ्रान्समधली मोठी चळवळ उभी केली. व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या या नियतकालिकात क्रमशः आल्या. भूगोल, भूगर्भ, भौतिकी, खगोल या शास्त्रांनी आतापर्यंत जमवलेलं सगळं ज्ञान गोष्टीच्या रूपाने सांगायचं, अशी त्या मालेची जाहीर योजनाच हेत्झेलने मांडली होती.

साहित्याच्या दरबारात नेमकी हीच योजना नडली. मुलांसाठी, शिक्षणासाठी आणि वर भरपूर खपणारं; एका लेखकाला बाहेर ठेवायला यातलं एकही कारण पुरेसं होतं. एमिल झोला हा त्या काळचा वजनदार लेखक. विज्ञानाची पद्धत कादंबरीत आणावी असा त्याचा स्वतःचा आग्रह होता. पण व्हर्नबद्दल त्याने लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की या माणसाची पुस्तकं खपतात हे खरं, पण अंकलिप्या आणि प्रार्थनेची पुस्तकंही खपतातच. आजच्या साहित्यात याला काही महत्त्व नाही. अंकलिपीची उपमा झोलाला अपमानाची वाटली. तुम्हा-आम्हाला कदाचित वाटणार नाही. फ्रेंच अकादमीने व्हर्नच्या पुस्तकमालेला बक्षीस दिलं, पण सभासद म्हणून कधी आत घेतलं नाही. उतारवयात भेटायला आलेल्या एका पत्रकाराजवळ त्याने मन मोकळं केलं होतं: फ्रेंच साहित्यात आपली कधी गणनाच झाली नाही, याची खंत आहे. १९०५ साली आमियाँ या गावी तो वारला, तेव्हा तो जगभर वाचला जात होता. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्याला ओळ-दोन ओळींपलीकडे जागा नव्हती.

अपवाद होते. तेओफिल गोतिएने सुरुवातीलाच त्याची वाखाणणी केली होती. तिकडे रशियात टॉलस्टॉयने ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेसाठी आपल्या मुलांकरता स्वतः चित्रं काढली. पण ‘वॉर अँड पीस’चा लेखक घरी मुलांना काय वाचून दाखवतो, याची नोंद समीक्षक घेत नसतात.

चित्र पालटायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. १९४९ मध्ये मिशेल ब्यूतोरने व्हर्नवर गंभीर निबंध लिहिला. १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात रोलाँ बार्थने नॉटिलसवर एक टिपण लिहिलं. १९६६ मध्ये एका वाङ्मयीन नियतकालिकाने व्हर्न विशेषांक काढला, त्यात मिशेल फूकोने लिहिलं. २०१२ मध्ये तो ‘प्लेआद’ ग्रंथमालेत आला. बायबलसारख्या पातळ कागदावर छापलेली ही माला म्हणजे फ्रान्समध्ये अभिजाततेचा शिक्काच. पहिल्या कादंबरीपासून मोजलं तर दीडशे वर्षांना एक कमी.

बार्थचं टिपण छोटं आणि अतिशय हुशार आहे. त्याचं म्हणणं असं: व्हर्न हा साहसाचा लेखक नव्हे, तो बंद घराचा लेखक आहे. पांघरुणाचा तंबू करून आत बसणाऱ्या मुलाला जे सुख मिळतं, तेच नॉटिलसच्या दिवाणखान्यात आहे. आत ऊब, पुस्तकं, वाद्य, आणि काचेपलीकडे धूसर, अनिश्चित पाणी. वाचताना हे पटतं. पण माझी एक तक्रार आहे. व्हर्नच्या पानावर काचेबाहेरचं पाणी मुळीच धूसर नाही! तिथल्या प्रत्येक माशाला नाव आहे, वर्ग आहे, कुल आहे, परांची संख्या आहे, रंग आहे. पानंच्या पानं ही यादी चालते. बार्थने ती ओलांडली, मर्सियरने ती कापली. एकाने व्हर्नला थोर ठरवलं, दुसऱ्याने बाळबोध. पण दोघांनीही नजर टाळली ती विज्ञानाच्याच पानांवरून. एखादा लेखक साहित्यात स्वीकारला जातो तेव्हा त्यातलं काय स्वीकारलं गेलं आणि काय दाराबाहेर राहिलं, तेही पाहायला हवं.

या याद्या म्हणजे नुसती भरताड आहे का? काही ठिकाणी आहे, मान्य करतो. मीही पानं उलटली आहेत. पण एक प्रसंग पाहा. प्राध्यापकांचा नोकर कोंसेय याला प्राण्यांचं सगळं वर्गीकरण तोंडपाठ आहे. उपवर्ग, गण, कुल, प्रजाती, सगळं. मात्र समोर मासा आला तर तो कोणता हे त्याला सांगता येत नाही. उलट हार्पूनवाला नेड लँड प्रत्येक मासा क्षणात ओळखतो, कारण त्याने तो पकडला आहे आणि खाल्ला आहे. त्याचं वर्गीकरण सोपं आहे: खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे. काचेसमोर उभे राहून दोघं वाद घालतात, आणि प्राध्यापकांच्या मनात येतं, की हे दोघं मिळून एक उत्तम निसर्गशास्त्रज्ञ झाला असता. परीक्षेत पहिला येणारा आणि ओढ्यावर मासे धरणारा, हे दोन विद्यार्थी आपल्या प्रत्येक वर्गात असतात. विज्ञानशिक्षणाबद्दल मी वाचलेल्या कित्येक अहवालांपेक्षा मला हे पान जास्त शिकवून गेलं. आणि त्या लांबलचक यादीशिवाय ते उभंच राहू शकत नाही.

आता व्हर्नच्या खऱ्या चुकांकडे वळू, कारण त्याला निर्दोष ठरवण्याची माझी इच्छा नाही. १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत तीन माणसं ९०० फूट लांबीच्या तोफेतून गोळ्यात बसून निघतात. गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग एवढाच आहे; व्हर्नने हे गणित आपल्या एका गणितज्ञ नातलगाकडून करून घेतलं होतं. पण तोफेची नळी जेमतेम २७४ मीटर. अकरावीच्या मुलांना वेगाच्या वर्गाला लांबीच्या दुपटीने भागायला सांगा. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२,००० पट येतं, आणि सगळा प्रकार सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतो. व्हर्नने धक्का कमी करायला गोळ्याच्या तळाशी पाणी ठेवलं आहे. त्याने काही होत नाही. प्रवाशांचा लगदा ठरलेला. पण हेच गणित लहानपणी हर्मन ओबेर्टने मांडलं, रशियात त्सिओल्कोव्हस्कीलाही व्हर्ननेच अवकाशप्रवासाचं वेड लावलं, आणि तोफ चालणार नाही म्हणून दोघंही अग्निबाणाकडे वळले. व्हर्नने आकडे मोघम ठेवले असते, तर ते चूक आहेत हे सिद्धही करता आलं नसतं.

दुसरी चूक तर वर्गात रंगवून सांगण्यासारखी आहे. पुढच्या भागात, चंद्राभोवतीच्या प्रवासात, गोळ्यातला एक कुत्रा मरतो. त्याला खिडकीतून बाहेर टाकतात, तर तो मागे न पडता गोळ्याच्या बरोबरीने तरंगत येत राहतो. अगदी बरोबर! पण आत प्रवासी मात्र जमिनीवर पाय टेकून उभे आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जिथे समान होते त्या एका बिंदूपाशीच काय ते तरंगतात. कुत्र्याला लागू पडलेला नियम माणसांना का लागू पडला नाही? एकाच पुस्तकात अर्धं बरोबर आणि अर्धं चूक असं उदाहरण शिक्षकाला मिळणं ही चैनच आहे.

भारतीय वाचकाला मर्सियरपेक्षा वेगळ्याच एका अनुवादाचा हिशेब मागावासा वाटेल. निमो कोण, हे व्हर्नने १८७४-७५ च्या ‘गूढ बेटा’च्या कादंबरीत सांगितलं. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा पुतण्या. (टिपू १७९९ मध्ये पडला, वयाचं गणित जरा ओढाताणीचं आहे.) आधी व्हर्नच्या मनात तो रशियनांनी कुटुंब मारलेला पोलिश उमराव होता, रशियातला खप बुडेल म्हणून हेत्झेलने नको म्हटलं. मग त्याला १८५७ च्या लढ्यातला भारतीय केला गेला. मूळ फ्रेंचमध्ये इंग्रजांचं जोखड जनतेला फार जड झालं, म्हणून डक्कार असंतुष्टांचा आवाज बनतो. किंग्स्टन यांच्या नावाने निघालेल्या १८७५ च्या इंग्रजी अनुवादात हे उलटं झालं. तिथे इंग्रजांनी या देशाला अराजकातून बाहेर काढून सुख-शांती दिलेली आहे, आणि अडाणी, अंधश्रद्ध लोक महत्त्वाकांक्षी राजांच्या चिथावणीला बळी पडतात. ही छपाईतली चूक नव्हे. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी आपल्याच राजपुत्राची गोष्ट याच इंग्रजीतून वाचली असणार.

म्हणून व्हर्नला लगेच आपला माणूस करण्याचंही कारण नाही. १८८० च्या ‘वाफेच्या घरा’ची सुरुवात औरंगाबादेत होते, नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास इनाम लावलेल्या जाहीरनाम्याने, आणि त्या पुस्तकात नानासाहेब खलनायक आहेत. ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेत अलाहाबादच्या अलीकडे रेल्वेचे रूळच संपतात. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. पण रूळ संपले नसते तर हत्ती आला नसता, आणि हत्तीशिवाय हिंदुस्थान रंगवायची युरोपात सोय नव्हती. भा. रा. भागवतांनी ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ या नावाने मराठीत आणलेल्या कादंबरीच्या फ्रेंच मुळात तर एका ज्यू व्यापाऱ्याचं इतकं ओंगळ चित्रण आहे, की पॅरिसच्या मुख्य रब्बींना त्या काळीही निषेध नोंदवावा लागला. प्लेआदच्या पातळ कागदामुळे यातलं काही धुऊन निघत नाही.

मराठीत व्हर्न विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळ कोकिळ’ मासिकातून आला, आणि माझ्या पिढीला तो भेटला भागवतांमुळे. ते मुलांसाठी लिहीत होते आणि तसं उघड सांगून लिहीत होते. गुपचूप कापणाऱ्या मर्सियरशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्याकडे विज्ञानकथेची वाट त्या मानाने लवकर सुकर झाली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली. दुसऱ्याच वर्षी कराडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी तिची दखल घेतली. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते. सत्तेचाळीस वर्षं. ती टोपणनावाची कथा दुर्गाबाईंच्या हाती ‘करमणूक’ असं लेबल लावून गेली असती तर काय झालं असतं, असं मात्र कधी कधी मनात येतं.

लोकप्रिय ते सगळं पुढे थोर ठरतं असं मी म्हणत नाही. व्हर्नच्या वेळी खपणारे डझनावारी साहसकथाकार होते. त्यांची पुस्तकं आज जुन्या बाजारात कोणी उचलत नाही, आणि मी त्यांतली दोन-तीन वाचून पाहिली आहेत, त्यात अन्याय काही नाही. पण ते ठरवायला पुस्तक उघडावं लागतं, आणि अनुवाद असेल तर कोणाचा, ते पाहावं लागतं.

त्या शिबिरानंतर कोकणातल्या एका शिक्षकांचं मला पत्र आलं होतं. शाळेच्या कपाटात व्हर्नची चार-पाच इंग्रजी पुस्तकं आहेत, तुमचं भाषण ऐकल्यावर ती मुलांना द्यावीत की नाही, असं त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं: गोष्ट म्हणून द्या, विज्ञान म्हणून नको. परदेशातून परतल्यावर त्यांना मी पुन्हा लिहिलं. ७.८ चा आकडा कळवला, आणि सोबत एक उदाहरण दिलं: नॉटिलसचं आकारमान सुमारे १५०० घनमीटर, तरंगताना तिचा दहावा भाग पाण्याबाहेर असतो, ती पूर्ण बुडवायला टाक्यांत किती पाणी घ्यावं लागेल? व्हर्नने दिलेलं उत्तर सुमारे १५० टन आहे, आणि ते बरोबर आहे. त्या पत्राला उत्तर आलं नाही. तोवर ते निवृत्त झाले असावेत. कपाटातली पुस्तकं कोणाच्या हाती गेली, की कुलुपातच राहिली, मला कळलं नाही.